गावठी लसणाचा जीनोम कोण वाचणार? पीक संशोधनाचा निधी ठरवणाऱ्यांना नाशिकहून खुलं पत्र

प्रति,
राज्याचं कृषी खातं, कृषी विद्यापीठांचे कुलगुरू, आणि पिकांवरच्या संशोधनाला पैसे कुठे द्यायचे ते ठरवणाऱ्या समित्यांमधले सगळे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडच्या गावठी लसणाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा अक्षर न् अक्षर पूर्ण मजकूर, वाचायचा प्रस्ताव आम्ही दिला होता. लसणाचा जीनोम आधीच झालेला आहे, मग तोच परत कशाला करायचा, एवढ्या एका कारणावर तो परत आला. कुठल्या समितीकडून ते इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका ऑफिसचा नाहीये, हेच उत्तर मी मीटिंगमध्ये, सेमिनारमध्ये, चहाच्या वेळी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय आणि दरवेळी मला वाटतं की हे बोलणाऱ्यांना कोणीतरी शांतपणे सगळं समजावून सांगायला हवं. म्हणून हे पत्र उघड लिहितेय. तुम्हीही वाचा आणि ज्यांच्या शेतात लसूण आहे त्यांनीही वाचावं.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते. माहेर बागलाणातलं. घरची शेती कांद्याची, आणि कांद्याच्या वाफ्यांच्या कडेने, पाटाच्या बाजूने आई दरवर्षी गावठी लसूण लावते, तिच्या सासूने लावला होता तोच. बारीक कुड्या, सोलायला कंटाळा येईल अशी घट्ट साल, पण फोडणीत दोन कुड्या पडल्या तरी वास अंगणात येतो. भरतात त्याची हिरवी पात घातली नाही तर आमच्याकडे भरीत झालं असं कोणी म्हणत नाही. तो लसूण बाजारात चालत नाही कारण गड्डा छोटा, मजुरी परवडत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या मळ्यांमधून तो गेला. आमच्या शिवारात आता मोजक्या घरी आहे, आणि ज्या घरातली म्हातारी गेली त्या घरातून लसूणही गेला असं मी डोळ्यांनी बघितलंय.

आता मुद्द्याचं. लसूण बियांपासून येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, पण त्याचा अर्थ काय होतो ते नीट बघा. आपला लागवडीचा लसूण वंध्य आहे, फुलोरा आलाच तरी बी धरत नाही, पिढ्यान्पिढ्या कुडीतून कुडी अशी त्याच रोपाची नक्कल चालत आलीय. ज्वारीचा, हरभऱ्याचा जुना वाण असेल तर मूठभर बी वाळवून बीज बँकेच्या थंड खोलीत ठेवता येतं, पंधरा-वीस वर्षांनी काढून पेरता येतं. लसणाचं तसं नाही, तो दरवर्षी जमिनीत लावूनच जिवंत ठेवावा लागतो, नाहीतर उती संवर्धनाच्या बाटलीत किंवा द्रवरूप नत्रात शेंडे गोठवून. एक वर्ष लावला नाही, घरातला शेवटचा गड्डा खाल्ला किंवा सडला, की तो वाण जगातूनच संपला, परत कुठून आणणार? त्यात प्रत्येक पिढीबरोबर व्हायरसही पुढे जातो, ओनियन यलो ड्वार्फ, लीक यलो स्ट्राइप अशी मंडळी कुडीतच बसून राहतात आणि उत्पन्न हळूहळू घटत जातं, मग शेतकरी म्हणतो की गावठी आता थकला, फेकून द्या. थकलेला नसतो तो, आजारी असतो. शेंड्याच्या टोकाच्या पेशींपासून रोप वाढवून तो व्हायरसमुक्त करता येतो, ही पद्धत काही आजची नाही.

म्हणजे घाई कशासाठी आहे ते कळलं असेल. आता "झालेला आहे" या शब्दांकडे येते.

झालेला आहे हे खरं आहे. २०२० मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी लसणाचा गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जोडलेला जीनोम प्रसिद्ध केला, डीएनएच्या १६.२४ अब्ज अक्षरांचा, ५७ हजारांवर जीन. मोठं काम आहे, मी वर्गात दरवर्षी ते शिकवते आणि मनापासून कौतुकाने शिकवते. माणसाचा जीनोम ३.१ अब्ज अक्षरांचा, म्हणजे लसणाचा त्याच्या पाचपट, भाताच्या तर चाळीसपट. आणि त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग हा पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा. इथेच खरी गोम आहे. सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनए वाचायचं, मशीन अख्खं गुणसूत्र सलग वाचत नाही, तुकडे वाचतं, आणि मग कॉम्प्युटरवर ते तुकडे एकमेकांना जुळवून मूळ क्रम उभा करायचा असतो. एखादी भजनाची वही फाडून कपटे कपटे केली आणि निम्म्याहून जास्त कपट्यांवर तेच धृपद असेल तर कुठला कपटा कुठल्या अभंगाखालचा ते कसं सांगणार? जुन्या पद्धतीत एक तुकडा १५० अक्षरांचा यायचा, त्याने लसणात हेच व्हायचं. आता हायफाय नावाची पद्धत आहे तिच्यात एका वेळी १५-२० हजार अक्षरं येतात आणि चूक हजारात एखादी, त्यामुळे धृपद आणि त्याच्या आजूबाजूची ओळ एकाच तुकड्यात मिळते, आणि वर हाय-सी नावाची चाचणी केली की पेशीच्या केंद्रात कुठला तुकडा कुठल्या तुकड्याजवळ असतो ते कळतं आणि लसणाची आठ गुणसूत्रं उभी राहतात. अजून एक, लसणात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि संकर न होता कुडीतूनच वाढल्यामुळे त्या दोन प्रती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या पडलेल्या असू शकतात, तर दोन्ही वेगळ्या वाचायला पाहिजेत, एकत्र कालवून चालणार नाही. हे आज करता येतं. दहा वर्षांपूर्वी येत नव्हतं, म्हणून तेव्हा मीही असा प्रस्ताव लिहिला नसता.

पण तो जीनोम कोणाचा आहे? चीनमधल्या एका वाणाचा. एका वाणाचा जीनोम म्हणजे त्या पिकाचा नकाशा तयार झाला, त्या पिकातलं सगळं वैविध्य वाचून झालं असं नाही होत. हे चीनच्या लोकांनाही कळतं म्हणून तर ते तिथे थांबले नाहीत, २०२२ मध्ये त्यांनी दोनशेहून जास्त लसणांचं पुन्हा सिक्वेन्सिंग करून प्रसिद्ध केलं आणि २०२३ मध्ये लसूण, कांदा आणि पातीचा कांदा अशा तिघांचे जीनोम एकत्र मांडले. जगातला सगळ्यात जास्त लसूण पिकवणारा देश म्हणतोय की एक पुरेसा नाही आणि दुसऱ्या नंबरचा आपला देश म्हणतोय की त्यांनी एक केलाय ना, मग झालं. हे मला समजत नाही, आणि समजून घ्यायची इच्छा असूनही समजत नाही.

नाशिकच्या दृष्टीने तर हे आणखीच खटकतं, कारण लसणाचा गड्डा धरणं हे दिवसाच्या लांबीवर आणि थंडीवर अवलंबून असतं. चीनचा मुख्य लसूणपट्टा शानडोंगमध्ये, आपल्यापेक्षा जवळजवळ १५ अंश उत्तरेला. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस ११ तासांच्या आसपास, थंडी दोन-अडीच महिने आणि तीही अलीकडे भरवशाची नाही. आपला लसूण याच छोट्या दिवसात आणि याच अर्ध्या थंडीत गड्डा धरतो. डोंगरी भागासाठीचा अॅग्रीफाउंड पार्वती हा वाण इथे लावून बघा, पात जोरात येईल आणि गड्डा रुसेल, कारण त्याला लांब दिवस लागतो. कांद्यात गड्डा धरायला लावणारे आणि अडवून धरणारे एफटी जातीचे जीन न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच दाखवलेत. आपल्या गावठी लसणात त्या जीनची कुठली रूपं आहेत? थंडी कमी पडली तरी गड्डा धरणारा वाण आपल्या बांधावर असेल तर पुढच्या तीस वर्षांसाठी तो सोन्याच्या भावाचा आहे, आणि चीनच्या वाणाचा नकाशा कितीही वेळा उघडून बघितला तरी त्यात तो दिसणार नाही.

दुसरं गाऱ्हाणं नावांचं. बेणं घ्यायला गेलं की कोणी ऊटी म्हणून देतो, कोणी जामनगर म्हणून, कोणी गावठी म्हणून, आणि तीन महिन्यांनी शेतात काय उगवेल ते देवाला माहीत. २०२४ च्या शेवटी लसूण किरकोळ बाजारात ४०० रुपये किलोच्या घरात गेला तेव्हा बेण्याचे भाव काय झाले असतील ते सांगायला नको, आणि एकरी काही क्विंटल बेणं लागतं हो, कांद्याच्या बियासारखं दोन-चार किलोत भागत नाही. एवढा पैसा घालून चुकीचा वाण निघाला तर शेतकऱ्याकडे दाद मागायला पुरावाच नाही. जीनोम हातात असेल तर त्यावरून मार्कर, म्हणजे वाण ओळखायच्या डीएनएमधल्या खुणा, काढता येतात आणि एका कुडीवरून सांगता येतं की हा गोदावरी, हा श्वेता, हा फुले बसवंत, हा यमुना सफेद, आणि हा यातला कोणताच नाही. अमेरिकेत त्यांच्या लसूण संग्रहाची डीएनएवरून तपासणी केली तर वेगवेगळ्या नावांचे कितीतरी लसूण एकच निघाले. आपल्याकडेही निघतील, आणि उलटही निघेल, एकाच "गावठी" नावाखाली पाच वेगळे वाण असतील. ते वाचल्याशिवाय कसं कळणार?

बाकी तिखटपणाचं, टिकाऊपणाचं, औषधीपणाचं सगळेच बोलतात. लसूण ठेचला की अॅलिनेज एन्झाइम अॅलिइनवर काम करतं आणि तिखट वासाचं अॅलिसिन तयार होतं, हे अकरावीच्या मुलालाही सांगता येतं. पण आपल्या कुठल्या वाणात ते किती, आणि त्यामागे जीनचा कुठला फरक, हे शेजारी शेजारी लावून मोजायला पाहिजे. आईने सांगितलं म्हणून मी मानेन, बाजार मानणार नाही, भौगोलिक मानांकन देणारे तर मुळीच मानणार नाहीत.

तिसरी गोष्ट, लसूण नक्की कोणाचा हेच ठरत नाही. मसाला बोर्डाच्या यादीत तो मसाला आहे, बाजार समितीत बऱ्याच ठिकाणी भाजी, मध्य प्रदेशात तर हा मसाला की भाजी हा वाद हायकोर्टात गेला आणि २०२४ मध्ये निकाल लागला. मसाल्यांचा प्रकल्प म्हणून पाठवलं की सांगतात हे कांद्याबरोबर येतं, कांद्याबरोबर पाठवलं की कांद्यालाच प्राधान्य असतं. कांद्याला प्राधान्य द्या, आमचं घर कांद्यावरच चाललंय, पण म्हणून लसणाने किती वर्षं दाराबाहेर उभं राहायचं? कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये सुरू झालं ते नाशिकलाच, १९९८ मध्ये राजगुरुनगरला गेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी भीमा ओंकार, भीमा पर्पल असे वाण दिलेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, केंद्र परत आणा वगैरे मी म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की ज्या जिल्ह्यात हे पीक बांधाबांधावर आहे त्या जिल्ह्यातल्या कॉलेजांना, शेतकऱ्यांना त्या कामात हक्काची जागा द्या.

आणि आपल्याला जमणार नाही असं कृपा करून सांगू नका. २००५ चा भाताचा जीनोम, २०१२ चा टोमॅटोचा, दोन्हीत भारताचा वाटा होता. २०१८ मध्ये पूर्ण झालेला गव्हाचा जीनोम जवळपास १६ अब्ज अक्षरांचा आहे, म्हणजे लसणाच्याच तोडीचा, आणि त्यातल्या २ए गुणसूत्रावर लुधियाना आणि दिल्लीच्या आपल्याच लोकांनी काम केलं. तूर आपण वाचली. २०२१ मध्ये भोपाळच्या आयसर या विज्ञान संस्थेने हळद वाचली, तीन संच गुणसूत्रांची, तीही बी न धरणारी, कंदानेच वाढणारी, म्हणजे लसणाचीच बहीण म्हणा. एका लसणाला तीसपट वाचन धरलं, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा, तर साधारण ४८० अब्ज अक्षरांचा डेटा होतो, नव्या मशीनवर पाच-सहा चिपचं काम. जोडणीला शेकडो जीबी रॅमचा कॉम्प्युटर लागतो, तो आमच्या कॉलेजात नाही पण पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आहे, नाशिकहून चार-पाच तासांवर. कॉम्प्युटर देशाचा आहे, तर नाशिकच्या कॉलेजातल्या मुलांना त्यावर काही तास का मिळू नयेत? माझे विद्यार्थी एमएस्सीला असेम्ब्लीची, म्हणजे तुकडे जोडण्याची, थिअरी तोंडपाठ करतात आणि प्रॅक्टिकलला बॅक्टेरियाचा छोटासा जीनोम जोडतात, कारण आमच्या मशीनवर तेवढंच चालतं. हुशार पोरं आहेत, निफाडची, कळवणची, पेठची. त्यांच्या घरचंच पीक त्यांनी वाचावं यात मला काही जगावेगळं वाटत नाही.

लॅबचं कामही आम्हाला माहीत आहे. लसणात फ्रुक्टन, चिकट पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) इतके असतात की डीएनए काढताना सगळं बुळबुळीत होतं आणि लांब तुकडे मिळत नाहीत, त्यासाठी कोवळी पात घ्यायची, एक-दोन दिवस अंधारात ठेवलेली, आणि तोडल्या तोडल्या द्रवरूप नत्रात टाकायची. जिल्ह्यात गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नत्राचे कंटेनर गावोगावी फिरतात, ती सोय वापरता येईल हे प्रस्तावात लिहिलं होतं. ते पानही कोणी वाचलं असेल का, हा प्रश्न पडतो, कारण उत्तरात त्याविषयी एक ओळ नव्हती.

चौथं, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं. समजा उद्या कोणी हे काम केलंच, तर डेटा कुठे जाणार आणि नाव कोणाचं लागणार? १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं होतं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, कारण आपल्याकडे जुना लिहिलेला पुरावा होता. आईच्या लसणाचा लिहिलेला पुरावा कुठे आहे? जैवविविधता कायदा २००२ चा, लोक जैवविविधता नोंदवही प्रत्येक गावात असायला हवी, शेतकऱ्यांचे वाण नोंदवायचा कायदा २००१ चा. कायदे आहेत. पण नमुना गोळा करणारे येतात, चार गड्डे घेऊन जातात, नंतर त्या गड्ड्यांना नंबर मिळतो आणि शेतकऱ्याला साधं पत्रही मिळत नाही. असं माझ्या ओळखीच्या घरांमध्ये झालंय. नमुना नेला त्यात वाईट काही नाही, पण काय निघालं ते येऊन सांगा ना.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते, घुमवून फिरवून न लिहिता.

नाशिक, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर आणि पुण्याच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातून गावठी लसूण गोळा करायची एक मोहीम येत्या हंगामातच काढा. गावठी लसूण लावणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला विचारून निघून येऊ नका, त्यांना विचारा.

गोळा झालेल्या सगळ्या लसणांचं आधी कमी खोलीचं, म्हणजे प्रत्येक अक्षर मोजक्याच वेळा वाचणारं, स्वस्तातलं सिक्वेन्सिंग करा म्हणजे डुप्लिकेट कोण आणि वेगळे कोण ते कळेल, आणि जे खरंच वेगळे निघतील त्यातल्या निदान तीन-चार वाणांचे पूर्ण जीनोम, दोन्ही प्रती वेगळ्या करून, गुणसूत्रांपर्यंत जोडून घ्या. पैसे कमी असतील तर एकापासून सुरुवात करा, पण तो एक आपल्या मातीतला असू द्या.

जिवंत संग्रह किमान दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक नाशिक जिल्ह्यात, आणि व्हायरसमुक्त केलेलं बेणं ज्यांनी मूळ गड्डा दिला त्यांना आधी परत द्या, फुकट. हे माझ्यासाठी जीनोमइतकंच महत्त्वाचं आहे.

डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करा आणि सगळ्यांना वापरायला खुला ठेवा, पण त्याआधी शेतकऱ्याची संमती लेखी, मराठीत, आणि वाणाची नोंद शेतकरी वाण म्हणून झालेली असली पाहिजे. क्रम उलटा नको.

जिल्ह्यांमधल्या कॉलेजांना सुपरकॉम्प्युटरवर तास आणि प्रशिक्षण द्या, सोपा अर्ज असू द्या.

आणि प्रस्ताव नाकारायचा असेल तर जरूर नाकारा, तो तुमचा अधिकार आहे, पण कारण शास्त्राला धरून द्या. "आधीच झालं आहे" हे कारण या पत्रानंतर तरी पुन्हा येऊ नये. हे काम आम्हालाच दिलं पाहिजे असा हट्ट नाही. राजगुरुनगरने करावं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने करावं, पुण्याने करावं, आम्ही नमुने गोळा करून देऊ, पोरं देऊ, शनिवार-रविवार राबू.

लसणाची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, कोवळी पात डीएनएसाठी डिसेंबरपर्यंत चांगली मिळते, मार्चपर्यंत गड्डे निघून जातात आणि मग जे विकलं गेलं ते गेलं. त्यामुळे उत्तर दिवाळीच्या आधी हवं आहे, होय असो वा नाही. बागलाण आणि कळवणमधल्या ज्या घरांनी लसूण द्यायची तयारी दाखवलीय त्यांची यादी माझ्याकडे तयार आहे, त्यांच्या परवानगीने, मागितलीत की लगेच देते.

आपली,
नाशिकची एक शिक्षिका, बागलाणच्या शेतकऱ्याची लेक